आमिश धाटणीच्या फ्राइड चिकनचा मसाला घरी जुळवताना

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या लँकेस्टर काउंटीत रूट ३४० वरून बर्ड-इन-हँड गावाकडे निघालं की घोड्याच्या बग्ग्यांमागे गाडी हळू करावी लागते. याच भागात आमिश आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथांतल्या कुटुंबांची सुट्या मालाची दुकानं आहेत. पीठ, साखर, सुकामेवा, मसाले, सगळं पारदर्शक पिशव्यांत बांधलेलं आणि वर साधी चिठ्ठी: नाव, वजन, किंमत. पहिल्यांदा गेले तेव्हा मला लहानपणीचं वाण्याचं दुकान आठवलं. एका फळीवर पेप्रिका (सौम्य लाल मिरचीची पूड), सेलरीचं बी, मोहरीची पूड, सेज, थाइम, कांद्याची पूड, आणि शेजारीच चिकनसाठी तयार मिश्रणं. बरेच जण ती तयार पिशवी उचलतात आणि त्यात गैर काही नाही. पण सुट्या पिशव्या घरी आणून आपल्या हाताने मसाला जुळवला, तर या स्वयंपाकाची खरी चव कुठून येते ते कळतं. तसं करून बघायचं असेल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आमिश या शब्दाचा आपल्या आमिषाशी संबंध नाही. १६९३ च्या सुमारास स्वित्झर्लंड आणि आल्सास भागातल्या ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे मोठेपणी बाप्तिस्मा घेणाऱ्या, ख्रिस्ती लोकांत फूट पडली. याकोब अमान यांच्या मागे जे गेले, त्यांना त्यांच्या नावावरून आमिश म्हणू लागले. अठराव्या शतकात त्यांची कुटुंबं पेन्सिल्व्हेनियात आली. आज त्यांच्या सगळ्यात मोठ्या दोन वस्त्या म्हणजे लँकेस्टर काउंटी आणि ओहायोतली होम्स काउंटीच्या आसपासची वस्ती. घरात बोली जर्मन, दारात बग्गी, आणि जुन्या वळणाच्या घरांत तारेवरची वीज नसली तरी स्वयंपाकाला गॅस असतो. शेतावरच्या कोंबड्या, घरचं लोणी, डुकराची चरबी, परसातल्या पाला-पाती आणि कणगीतलं पीठ यांवर हा स्वयंपाक उभा राहिला. मसाल्यांची रेलचेल त्यात कधीच नव्हती.

म्हणून ‘अस्सल आमिश मसाला’ असा एकच एक प्रकार शोधत बसू नका. आपल्याकडे गोडा मसाला घरोघरी वेगळा, तसंच तिथेही आहे. फक्त त्यांच्या फरकांची व्याप्ती लहान: मीठ, मिरी आणि पेप्रिका जवळजवळ सगळीकडे, पुढचे दोन-चार घटक ज्याच्या त्याच्या हातचे. आपण मराठी माणसं इथे हमखास चुकतो. चव कमी वाटली की आपला हात आपोआप आणखी एका डब्याकडे जातो. इथे उलट जायचं असतं. खाताना आधी कोंबडीची चव लागली पाहिजे, मग पिठाच्या कुरकुरीत कवचाची, आणि मसाला त्या दोघांच्या मागे उभा राहिला पाहिजे.

आधी मीठ, तेही वजन करून

या प्रयोगात सगळ्यात जास्त लक्ष मिठाकडे द्या. मीठ चुकलं तर बाकी आठ जिन्नस काहीही करू शकत नाहीत.

हाडासकट दीड किलो चिकन घ्या: तंगड्या, मांड्या, पंख, आणि छाती मोठी असेल तर तिचे दोन भाग. नळाखाली धुऊ नका, कारण शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या भांड्यांवर जातात. कागदी रुमालाने नीट टिपा. मग १८ ग्रॅम मीठ, म्हणजे चिकनच्या वजनाच्या १.२ टक्के, सगळ्या तुकड्यांना चोळा आणि फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. निदान चार तास तरी. सुरुवातीला मीठ मांसातलं पाणी बाहेर ओढतं, तुकडे ओले दिसायला लागतात. काही तासांनी तेच खारं पाणी परत आत मुरतं आणि मीठ थेट हाडापाशी पोचतं. कवचात कितीही मीठ घातलं तरी हे काम होत नाही.

चमच्याने मोजणार असाल तर एक सावधगिरी. नेहमीच्या बारीक मिठाचा सपाट लहान चमचा साधारण ६ ग्रॅम भरतो. अमेरिकेत कोशर मीठ नावाचं मोठ्या कणांचं मीठ मिळतं, त्याच्या काही प्रकारांत त्याच चमच्यात जेमतेम निम्मं बसतं. एकाच कृतीतून एकाचं चिकन अळणी आणि दुसऱ्याचं खारट होतं त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. स्वयंपाकघरातला ग्रॅमच्या दहाव्या हिश्शापर्यंत वजन दाखवणारा काटा घ्या. या कामात त्याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही.

कोण काय करतं

काळी मिरी हा इथला तिखटपणा. लाल मिरचीचा झटका या चवीत नसतो. मिरी आयत्या वेळी खलबत्त्यात भरड कुटा. आयत्या पुडीत ती ऊब उरत नाही.

पेप्रिका मुख्यतः रंगासाठी आणि जराशा गोडसर वासासाठी. तिचा रंग चरबीत उतरतो, त्यामुळे कवच तांबूस होतं. पण ती लवकर करपते आणि करपली की कडू होते. तेल फार तापू द्यायचं नाही याचं निम्मं कारण पेप्रिका आहे. भारतात बसून करणार असाल तर ब्याडगी मिरच्यांच्या बिया आणि शिरा काढून केलेली पूड जवळची पडते.

सेलरीचं बी हा माझ्या मते या मसाल्याचा खरा ओळखीचा वास. लँकेस्टरच्या आमिश लग्नांत सेलरीला मोठा मान आहे. लग्नं मुख्यतः पीकपाणी आटोपल्यावर, शरदात, मंगळवारी आणि गुरुवारी होतात. शे-दोनशे नव्हे, तीनशे-चारशे माणसं जेवायला असतात. ज्या घरी लेकीचं लग्न असतं तिथे त्या उन्हाळ्यात सेलरीची जादा लागवड होते. ती शिजवून घट्टसर पांढऱ्या सॉसमध्ये घालतात, पावाच्या तुकड्यांबरोबर कोंबडीच्या ‘रोश्ट’मध्ये घालतात, आणि तिचे दांडे बरण्यांत उभे करून टेबलांवर फुलांसारखे मांडतात. चिकनच्या मसाल्यात हे बी थोडं पडलं की तो सगळा स्वयंपाक आठवतो.

आपल्याकडे याला अजमोद म्हणतात आणि अमृतसरच्या बाजूला त्याचं पीक घेतात. दुकानात मात्र वास घेऊन खात्री करा. अजमोद मागितल्यावर कधी कधी ओवा हातात पडतो आणि दाणे दिसायला सारखेच. मी एकदा अशीच फसले आणि सगळ्या चिकनला भज्यांचा वास आला. ओव्यात थायमॉल असतं आणि तेच थाइममध्येही असतं. त्यामुळे थाइम मिळाला नाही तर दोन चिमटी ओवा चालून जातो, सेलरीच्या जागी मात्र कधीही चालत नाही. सेलरीचं बी फार कडवट असतं, म्हणून तव्यावर भाजू नका. कच्चंच बारीक कुटा आणि मोजून घाला.

मोहरीची पूड पिवळ्या मोहरीची घ्या. लोणच्यासाठी मोहरी फेसली की ती नाकात चढते, कारण पाणी लागल्यावरच तिच्यातला तो झणका तयार होतो. गरम तेलात तो विझतो. त्यामुळे कोरड्या पिठात मोहरी घालून तिखटपणाची अपेक्षा धरू नका. तळल्यावर उरतो एक खमंग, किंचित कडसर पाया. तो नसला तर नेमकं काय कमी आहे ते सांगता येत नाही, पण चव सपाट लागते.

कांद्याची आणि लसणाची पूड थोडी गोडी आणि खमंगपणा देतात. लसणाची पूड फार बारीक असेल तर ती करपते, रवाळ मिळाली तर ती घ्या. सेज आणि थाइम या बागेतल्या पाती. सेजचा हात हलका ठेवा, जास्त झाला की औषधासारखा लागतो.

लँकेस्टरच्या जुन्या जर्मन घराण्यांत केशर लावायची रीत आहे आणि तिथल्या कोंबडीच्या पॉट-पायमध्ये, म्हणजे रश्श्यात शिजवलेल्या चौकोनी शेवयांमध्ये, ते पडतं. तळणीत त्याचा काही उपयोग नाही, म्हणून इथे वापरत नाही. पण मराठी माणसाला ऐकून बरं वाटावं अशी गोष्ट आहे.

पायाचं मिश्रण

२५० ग्रॅम मैद्यासाठी हे प्रमाण धरा: पेप्रिका ७ ग्रॅम म्हणजे एक मोठा चमचा, भरड मिरी ५ ग्रॅम म्हणजे दोन लहान चमचे, कांद्याची पूड ५ ग्रॅम, लसणाची पूड ३ ग्रॅम, मोहरीची पूड २ ग्रॅम, सेलरीचं बी कुटून १ ग्रॅम म्हणजे अर्धा लहान चमचा, सेज आणि थाइम चुरून प्रत्येकी अर्धा ग्रॅम. एकूण २४ ग्रॅम, म्हणजे मैद्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाला थोडं कमी. पिठासाठी मीठ वेगळं, ६ ग्रॅम. हे मीठ मसाल्याच्या बरणीत मिसळून ठेवू नका. मीठ बाहेर राहिलं तर मसाला कमी-जास्त करताना खारटपणा आपोआप बदलत नाही आणि प्रयोग करता येतो.

सगळं एकत्र करून बारीक चाळणीतून दोनदा चाळा. ज्या गाठी राहतील त्या बोटांनी फोडा. एका घासात सेलरीची गाठ लागली तर तो घास वाया जातो.

चाखायचं कसं

कच्चा मसाला बोटावर घेऊन चाटलात तर चुकीचा निकाल मिळेल. कोरडी कांद्याची पूड जिभेवर उग्र लागते, तळल्यावर ती गोड होते. पातींचा वास चाटताना जोरात येतो आणि तेलात निम्मा उडून जातो.

पहिली चाचणी उकडलेल्या बटाट्यावर करा. गरम बटाटा कुस्करून त्यात लोणी घाला, वर दोन चिमटी मसाला आणि चिमूटभर मीठ. लोण्याच्या चरबीत आणि उष्णतेत मसाला जरा उमलतो आणि बटाट्याला स्वतःची चव फारशी नसल्याने कोण पुढे आहे, कोण मागे आहे ते कळतं. इथे सेज किंवा सेलरी ओळखू आली तर प्रमाण ठीक. दुसरं काही लागतच नसेल तर ती जास्त झाली.

दुसरी चाचणी कोंबडीच्या पंखांवर. पंख स्वस्त, पटकन तळून होतात, आणि कातडी भरपूर असल्याने कवचाची चव नीट कळते. चार वाट्या मांडा. प्रत्येकीत ६० ग्रॅम मैदा, दीड ग्रॅम मीठ आणि पायाच्या मिश्रणाचे ६ ग्रॅम. पहिली वाटी तशीच ठेवा. दुसरीत सेलरी पाव चमचा वाढवा, तिसरीत मिरी अर्धा चमचा, आणि चौथीत पायाचं मिश्रण न घालता फक्त मिरी आणि पेप्रिका. चौथी वाटी वगळू नका. नुसतं मीठ, मिरी, पेप्रिका लावलेला पंख चाखला की बाकीचे जिन्नस खरोखर काय भर घालतात ते समजतं. आमच्या घरी पहिल्या वेळी चौथ्या वाटीचे पंख सगळ्यात आधी संपले. त्या दिवशी माझी या मसाल्याकडे बघायची नजर बदलली.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा: तारीख, ग्रॅम, खाणाऱ्यांचं मत. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि चव सुधारली तर कशामुळे, ते पुन्हा कधी कळणार नाही.

तळणं आणि ओव्हन

मीठ मुरलेले तुकडे फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा. ताकात बुडवा. अमेरिकेतलं बटरमिल्क दाट आणि आंबट असतं, आपलं पातळ ताक त्या कामाचं नाही. दही घुसळून त्यात थोडं दूध घातलं की जमतं. तुकडा निथळून मसाल्याच्या पिठात दाबून घोळवा, झटका, आणि जाळीवर २० मिनिटं राहू द्या. या वीस मिनिटांत कोरडं पीठ ओलावा पितं आणि चिकटून बसतं. घाई केली तर ते तेलात सुटतं, तळाशी करपतं आणि पुढच्या प्रत्येक तुकड्याला त्याची कडवट चव लागते.

बिडाची कढई सगळ्यात चांगली, कारण थंड तुकडा पडल्यावरही तिची उष्णता टिकते. परंपरेने डुकराची चरबी वापरतात. ती चालत नसेल तर वासाचा फार जोर नसलेलं कुठलंही तेल घ्या. तुकडा निम्मा बुडेल इतकंच तेल, १६५ ते १७५ अंश सेल्सियस. एका बाजूने सोनेरी-तांबूस झालं की उलटा. कढईत गर्दी करू नका.

तळणीतच आतपर्यंत शिजवायचा हट्ट सोडा. आमिश घरांतली नेहमीची पद्धत अशी की तुकडे चरबीत किंवा लोण्यात वरून लाल करायचे आणि मग ओव्हनमध्ये शिजवायचे. एवढ्या मोठ्या कुटुंबांसाठी तेच सोयीचं. तुकडे जाळीवर मांडून १७५ अंशांच्या, म्हणजे ३५० फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये २५ ते ४० मिनिटं ठेवा. थर्मामीटर हाडाला न लावता मांसाच्या जाड भागात खुपसा. ७४ अंश हा खाण्यायोग्य होण्याचा किमान आकडा. तंगड्या आणि मांड्या ८० अंशांपर्यंत गेल्या की जास्त मऊ होतात, छातीचे तुकडे मात्र ७४ ला लगेच काढा. मसाल्याच्या दृष्टीनेही हीच पद्धत बरी, कारण पेप्रिका आणि लसूण उकळत्या तेलात थोडाच वेळ राहतात.

ओव्हनमधून काढल्याबरोबर वर चिमूटभर बारीक मीठ आणि मिरी भुरभुरवा. जिभेला पहिलं तेच लागतं.

पुढचे प्रयोग

पाया जमल्यावर मला सगळ्यात आवडलेला बदल म्हणजे लग्नाच्या रोश्टच्या वळणावर जाणारा. सेलरीचं बी दीडपट, कांद्याची पूड थोडी जास्त, वाळवलेली पार्सली एक चमचा, लसूण पूर्ण बंद. सोबत लोणी घातलेला कुस्करलेला बटाटा आणि कोंबडीच्या रसाची ग्रेव्ही हवीच.

ब्राऊन शुगर बरेच जण घालतात. घालायची तर तेल न वापरता केवळ ओव्हनमध्ये केलेल्या चिकनला, कुस्करलेल्या कॉर्नफ्लेक्समध्ये घोळवून, आणि तीही अर्ध्या चमच्यावर नको. तळणीत साखर मांस शिजायच्या आधीच काळी पडते.

गोडा मसाला, दगडफूल, लवंग घालून मी करून पाहिलं आहे. चिकन रुचकर झालं, पण ते आपलं चिकन झालं. तसं करायचं असेल तर आनंदाने करा, फक्त त्याला आमिश म्हणू नका. या लोकांच्या नावावर बाजारात आधीच पुष्कळ काही विकलं जातं.

तयार मिश्रण आणलंत तर जिन्नसांची यादी वाचा. अमेरिकेत ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. पहिलं नाव मिठाचं असेल तर ते मसालेदार मीठच समजा. नेमकं किती, ते पोषणाच्या तक्त्यावरून काढता येतं: सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ. समजा १.२ ग्रॅमच्या मापात ३५० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं आहे, तर त्यात ८७५ मिलिग्रॅम मीठ आलं, जवळजवळ तीन चतुर्थांश. मी एकदा हा हिशेब न करता रात्रभर मीठ लावलेल्या चिकनला असंच मिश्रण वापरलं. सहा माणसांचं जेवण होतं आणि कोणाला दुसरा घास घेववला नाही. तेव्हापासून तयार पिशवी वापरायची तर चिकनला आधी मीठ लावत नाही.

दुकानांकडे जाणार असाल तर रविवार टाळा, सगळं बंद असतं. आमिश माणसांचे फोटो काढू नका, त्यांच्या श्रद्धेत ते बसत नाही. मसाल्यांबद्दल विचारलंत तर बहुतेक जण मनापासून सांगतात. फिलाडेल्फियात राहत असाल तर रीडिंग टर्मिनल मार्केटमध्येही लँकेस्टरकडची दुकानं आहेत.

उरलेला मसाला मीठ आणि मैद्याशिवाय काचेच्या घट्ट बरणीत, शेगडीपासून लांब ठेवा आणि झाकणावर तारीख लिहा. तीन महिन्यांनी पेप्रिकाचा रंग विटायला लागतो. घोळवून उरलेलं पीठ मात्र कच्च्या चिकनला लागलेलं असतं, ते तिथल्या तिथे टाकून द्या.

माझ्या वहीतलं शेवटचं पान सध्या असं आहे: सेलरी सव्वा ग्रॅम, मिरी सहा, सेज बंद, बाकी पायाप्रमाणे. समासात धाकट्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, ‘पंख अजून चार’.